नावानं आंघोळ

शनिवार, १३ सप्टेंबर, दुपारी दोन. अमेरिकेतलं वेस्ट विंडसर, आमच्या कॉलनीचं क्लबहाउस, मोठी खोली.

हजर अकरा जण. माझी आई, पहिल्या रांगेत. मी, माइकपाशी. माझा नवरा, प्रोजेक्टरपाशी. पुण्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. नाशिकचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि त्यांच्या शेजारी काकू. बाकीची पाच माणसं मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेली. या हकिगतीत त्यांचा भाग हसण्यापुरता आहे, म्हणून त्यांचा तपशील देत नाही.

गैरहजर: माझी धाकटी बहीण. तिला बोलावलं नव्हतं. ती इथून चार तासांवर हर्नडनला राहते, आणि आई माझ्याकडे राहायला आली त्याला तीन वर्षं झाली, पण या दोघी एकमेकींना तेरा वर्षांत भेटलेल्या नाहीत. ११ ऑक्टोबरला आई ग्रीन कार्ड परत करून कायमची पुण्याला भावाकडे जाणार. गुडघे आणि वय बघता ती पुन्हा विमानात बसणार नाही. म्हणजे भेट व्हायची तर चार आठवड्यांत, नाहीतर नाही. आईच्या जाण्याआधी करायच्या कामांची माझी यादी एकतीस ओळींची होती. दातांचा डॉक्टर होता, चष्मा होता, बँकेतल्या सह्या होत्या. बहीण त्या यादीत नव्हती.

महिन्यातून एकदा आम्ही इथं सिनेमा दाखवतो. पाहणारे सत्तरीच्या पुढचे. मुलं ऑफिसात, नातवंडं आपापल्या क्लासला, गाडी चालवता येत नाही, चालत जावं असं काही जवळ नाही. हिंदी-मराठी सिनेमे घरी टीव्हीवर असतातच, म्हणून इथं बाहेरच्या देशांतले दाखवायचे असं मी ठरवलं. अडचण एकच होती. इंग्रजी सबटायटल्स या मंडळींचं वाचून होण्याआधी निघून जातात. त्यावर मी पद्धत बसवली. सिनेमा आधी घरी बघायचा. डाव्या रकान्यात वेळ, उजव्या रकान्यात मराठी वाक्य. छापून आणायचं आणि माइकवर वाचत जायचं. सुरुवातीला मी पात्रांप्रमाणे आवाज बदलत होते. घरी येताना आई म्हणाली, "बातम्या दे. नाटक नको." तेव्हापासून बातम्या देते.

या वेळचा सिनेमा रशियन होता. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका रशियन सहकाऱ्यानं सुचवलेला. खेड्यातल्या एका घराच्या अब्रूची गोष्ट आहे, खूप हसाल आणि मग हसणार नाही, असं तो म्हणाला होता.

नदीकाठचं गाव. बाप ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, शब्दाला मान असलेला. त्याची धाकटी मुलगी नदीपलीकडच्या एका माणसाबरोबर निघून जाते. पलीकडचे लोक यांच्या मते खालचे. का खालचे ते सिनेमात कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. बाप जाहीर करतो की मुलगी नदीत बुडाली. मग अंत्यविधी करणं आलं. प्रेत नाही, म्हणून शवपेटीत वजनाला बटाटे भरतो. गावातल्या प्रत्येकाला खरं माहीत असतं, कारण पलीकडच्या काठावर तिच्या घराचा धूर रोज सकाळी दिसतो. तरी गाव रडतं, पेटीमागून चालतं, जेवून जातं. बायका नदीवर धुणं धुताना इकडेतिकडे बघून हळूच पलीकडे हात हलवतात आणि पुन्हा रडक्या चेहऱ्यानं घरी येतात.

कबरस्तानाच्या चढावर पेटी तिरकी होते, फळी निघते आणि बटाटे उतारावरून घरंगळत खाली येतात. सगळ्या बायका खाली वाकून बटाटे गोळा करतात, पदरासारख्या एप्रनमध्ये घेऊन वर जातात आणि पेटीत परत ठेवतात. एक म्हातारी चांगले दोन बटाटे खिशात टाकते.

इथं काका इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"काय एकेक अडाणी लोक," काकू म्हणाल्या.

"खेडं आहे हो ते. शिक्षण नाही," बाई म्हणाल्या.

मला बरं वाटलं. मंडळी हसली म्हणजे वाचन वेळेवर जातंय. मी पुढच्या पानाला हात घातला.

पुढचा प्रसंग असा. टपाल वाटणारी नवीन बाई बापाच्या दारात येते आणि सहज विचारते, "तुमची धाकटी हल्ली कुठं असते?" बाप उत्तर देतो. इंग्रजीत त्याचं उत्तर होतं, आम्ही तिला पुरलं. आठवड्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी ते तसंच लिहिलं होतं आणि खोडलं होतं. आपल्या कानाला ते खुनाची कबुली दिल्यासारखं लागतं. मग मला सुचलं, आणि जेव्हा सुचलं तेव्हा स्वतःवर खूश होऊन मी चहा टाकला. तेच आता मी माइकवर वाचलं:

"आम्ही तिच्या नावानं आंघोळ केली."

मराठीत हा बोलण्यापुरता शब्द आहे. हातउसने गेलेल्या पुस्तकाच्या नावानंही आपण आंघोळ करतो. कुणी खरोखर बादली भरत नाही. माझ्या वडिलांनी भरली होती.

आई मागे न वळता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "गार पाण्यानं केली होती. सिलेंडर संपला होता."

काकूंनी पुढं वाकून विचारलं, "कुणी हो? त्या ट्रॅक्टरवाल्यानं?"

"हो," आई म्हणाली.

माझी पुढची तीन वाक्यं गेली. पडद्यावर टपालवाली बोलत होती आणि खोलीत तिचं रशियन तसंच ऐकू येत होतं. नवरा खोकला. मी बोट ठेवून जागा शोधली आणि वाचायला लागले. पण तो शब्द मी स्वतःच्या हातानं लिहिला होता, टाइप केला होता, दोनदा तपासला होता, आणि लिहिताना मला काहीही आठवलं नव्हतं. याचा राग मला अजून आहे.

तेरा वर्षांपूर्वीचा मे महिना. साताऱ्याचा फ्लॅट. मी मुलांना घेऊन सुट्टीवर गेले होते. बहीण पुण्यात नोकरीला होती. एका रविवारी ती तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकाला घेऊन घरी आली. उंच, सावळा, नागपूरचा. येताना त्यानं संत्र्याची बर्फी आणली होती. वडील निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवायचे. त्याला किल्ल्यांचं वेड होतं. दोघांचं असं जमलं की आम्ही बाकीचे भिंतीला टेकून ऐकत बसलो. वडिलांनी त्याला दुसरा चहा घ्यायला लावला, कपाटातून स्वतः काढलेले नकाशे दाखवले, "पुढच्या वेळी दोन दिवस काढून या, अजिंक्यताऱ्यावर जाऊ," असं म्हणाले. एक तास माझे वडील त्या मुलाच्या प्रेमात होते. मग नकाशे गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

त्यानं सांगितलं. तो बौद्ध आहे हे वडिलांना त्यावरून कळलं. नकाशे कपाटात गेले. "बरं, तुम्हाला बस असेल," वडील म्हणाले. बसला अडीच तास होते.

नंतर घरात आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. वडील बहिणीला म्हणाले, "मी जात मानत नाही. तू ओळखतेस मला. पण मी लोकांना काय सांगू?" हे वाक्य मी त्यानंतर किती घरांत ऐकलं असेल. इथंही ऐकलंय, चांगल्या फर्निचरच्या दिवाणखान्यांत, आयटीतल्या माणसांकडून. लोक म्हणजे नेमके कोण, त्यांची नावं लिहून द्या, असं मी तेव्हा वडिलांना म्हणायला हवं होतं. दहा नावंही झाली नसती, आणि त्यातल्या सहा जणांना काही पडलेलं नव्हतं.

मी ते म्हणाले नाही. दोन आठवड्यांनी तिनं रजिस्टर लग्न केलं आणि घरच्या फोनवर कळवलं. दुपारचे चार वाजले होते. वडिलांनी फोन ठेवला, बादली घेतली आणि पाणी तापवायला गॅसपाशी गेले. लायटर चार-पाच वेळा वाजला. गॅस नव्हता. नवा सिलेंडर दुसऱ्या दिवशी येणार होता. एखाद्यानं मनातल्या मनात म्हटलं असतं, उद्या करू. ते गार पाण्यानं बसले. मोरीचं दार अर्धं उघडं होतं, आणि आई बाहेर टॉवेल घेऊन उभी होती, कारण ते आंघोळीला गेले की ती टॉवेल घेऊन उभी राहायची, चाळीस वर्षं.

"डोक्यावरून घेऊ नका, सर्दी होईल," ती म्हणाली.

त्यांनी डोक्यावरून घेतलं. सर्दी झाली, छाती भरली, नऊ दिवस पडून होते. वाफ घ्यायचं भांडं आणि छातीला लावायचा मलम कुठं असतो ते घरात एकट्या बहिणीलाच माहीत होतं. तिसऱ्या दिवशी वडील झोपेतून उठून म्हणाले, "अगं, ती कुठं ठेवते ते?" आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपले. मला हसू आलं होतं. आईलाही आलं होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर आणि ओढणी धरून हसलो, आणि त्याची लाज मला आत्ता हे लिहिताना वाटते आहे.

माझा भाग अजून सांगितला नाही. मी यादी केली. कुणाला काय सांगितलंय याची. कोल्हापूरच्या आत्याला: परदेशी शिकायला गेली. शेजाऱ्यांना: कंपनीच्या प्रोजेक्टवर. मामाला: खरं, पण मामीला नाही. कुणी दोन ठिकाणचं ऐकून बोलायला लागलं तर गोंधळ नको म्हणून. दोन प्रती काढल्या, एक आईकडे, एक फ्रिजच्या मागच्या खिळ्याला. वडिलांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "व्यवस्थित केलंस." त्या गावातल्या बायका निदान चोरून हात तरी हलवत होत्या.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. बहिणीला मी चौथ्या दिवशी कळवलं. कामांची गर्दी होती असं मी तिला सांगितलं. होतीही. पण एका फोनला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.

सिनेमा संपत आला होता. पलीकडची मुलगी तापानं खरोखर मरते. तिचा नवरा खरी पेटी होडीतून अलीकडे आणतो, आईच्या कबरीजवळ पुरा एवढंच तिचं म्हणणं होतं म्हणून. आणि बाप, ज्याच्या शब्दाला मान आहे, तो काठावर उभा राहून म्हणतो, तिची कबर आधीच आहे, जागा नाही. गाव मान खाली घालून उभं. खोलीत कुणी हसत नव्हतं. शेवटी बाप फावडं घेऊन एकटा ती जुनी कबर खणायला लागतो आणि आतले बटाटे रुजलेले असतात, पांढरे लांब कोंब आलेले. तो खाली बसतो आणि एक बटाटा हातात धरतो. तिथं वाक्य नाही. मी कागद खाली ठेवले.

दिवे लागले, चहा आला, चिवडा आला.

"पण एक सांगतो," काका म्हणाले, "बापाचीही बाजू आहे. त्याला त्या गावात राहायचंय."

"काय बाजू? बटाट्यांची?" बाई म्हणाल्या.

सगळे हसले. काकांनीही हसून घेतलं. काकू म्हणाल्या, "आपण बरे बाई त्या मानानं. मुलांनी कुणाशीही केलं तरी आपण गपचूप रिसेप्शनला उभे."

"गपचूप कुठली. तू एकवीस लोकांना फोन करून रडली होतीस," काका म्हणाले.

"ते आनंदानं."

मी कप गोळा करत होते. काकू आईकडे वळल्या. "तुम्हाला बरं, दोघांचंही तुमच्या मनासारखं झालं. ही इथं, मुलगा पुण्याला."

या खोलीत आईला तीन वर्षं दोनच मुलं होती. इथल्या नावनोंदणीच्या फॉर्मवर अडीअडचणीला कळवायचे नंबर मीच भरले होते. एक माझा, एक भावाचा.

"तीन," आई म्हणाली.

"काय तीन?"

"मुलं. तीन आहेत. धाकटी हर्नडनला असते. व्हर्जिनियात."

"अरे, हर्नडन म्हणजे आमच्या भाच्याच्या तिथंच," काका म्हणाले. "सकाळी निघालं की जेवायला पोचतो माणूस. मग कधी दिसल्या नाहीत त्या?"

"मी बोलावलं नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. आईचा चेहरा नेहमीसारखा होता, भाजीचा भाव सांगताना असतो तसा. काकूंनी विचारलं, "जावई कुठले?"

"नागपूरचे."

"हो का. आडनाव काय?"

मला त्या वेळी मधे पडता आलं असतं. काकू, चहा घ्या अजून, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. मी हातात सात कप घेऊन उभी राहिले. आईनं आडनाव सांगितलं. पूर्ण, स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं, जणू समोरची व्यक्ती लिहून घेतेय.

मग सगळे गप्प झाले. ऑफिसात मी रोज मीटिंगा चालवते, गप्प बसण्याचे प्रकार मला कळतात. हा हिशेब लावण्याचा प्रकार होता.

"छान," काकू म्हणाल्या. "हुशार असतात हं ते लोक."

"आणि आता कोण मानतं हो असलं," काका म्हणाले. "आपण अमेरिकेत आहोत."

"काका, तुम्ही मानता," मी म्हणाले. "म्हणून तर विचारलंत."

"मी कुठं विचारलं? हिनं विचारलं."

"अगं, सहज विचारलं," काकू म्हणाल्या. "आडनावावरून ओळख निघते."

"मग निघाली का? कुणाची निघाली?"

"तू उगाच चिडतेस. मी तर चांगलंच म्हटलं. हुशार म्हटलं."

"ते लोक म्हटलंत. तो माझा मेहुणा आहे. ते लोक म्हणजे कोण? मी त्यात आहे का? आई आहे का?"

काकूंचे डोळे भरले. त्या वाईट बाई नाहीत. मला ताप आला होता तेव्हा तीन दिवस डबा देऊन गेल्या होत्या. ते आठवून माझा राग कमी झाला नाही, वाढला. वाईट माणसांशी भांडणं सोपं असतं.

बाई मधे बोलल्या. "तिच्यावर कशाला घसरतेस? मीही तेच विचारणार होते. तिनं आधी विचारलं एवढंच."

मी कप घेऊन सिंककडे गेले. मी बोलले त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. पण मी ते तेरा वर्षं उशिरा बोलले होते, आणि ज्यांच्यापुढे बोलायचं ते वडील आता नव्हते. काका-काकू आपले हाताला सापडले.

घरी चालत तीन मिनिटं लागतात. आईला सात. वाटेत ती म्हणाली, "तिला फोन लाव. तू बोल. मी आले तर चालेल का विचार."

"तू का नाही बोलत?"

"मला नाही म्हणाली तर पुढं काय बोलायचं ते मला येणार नाही. तुला येईल."

रविवारी सकाळी दहाला मी फोन लावला. आई शेजारी, आवाज मोठा केलेला.

"बोल ताई," बहीण म्हणाली. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"तू वाढदिवसाला मेसेज करतेस आणि कुणी गेलं की फोन. म्हणून विचारलं."

"आई यायचं म्हणतेय. तुझ्याकडे. पुण्याला जायच्या आधी."

तिकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"हे तिनं म्हटलं की तुझ्या यादीत आहे?"

"तिनं म्हटलं. शेजारी बसलीय. ऐकतेय."

"ऐकू दे. येऊ दे तिला. माझ्या नवऱ्याचा प्रश्न नाही. त्याला कधी प्रॉब्लेम नव्हताच, तो अजून विचारतो, तुझ्या बाबांच्या त्या नकाशांचं काय झालं. प्रश्न वेगळा आहे. माझ्या मुलीला वाटतं तिला एकच आजी आहे. नागपूरची."

"आणि आई?"

"आई गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली, ताई. मराठीत काय म्हणतात गेली म्हणजे? ती पहिलीत होती, शाळेत फॅमिली ट्री करायला सांगितला होता. तिनं विचारलं, मम्मा, तुझे आईबाबा कुठंयत? मी काय सांगणार होते? आहेत, पण त्यांना तू नकोयस? सहा वर्षांच्या मुलीला? मी सांगितलं, दोघंही नाहीत. तेव्हा बाबाही होते. तिनं त्यांच्या चौकोनात दोन फुलं काढली. छान काढली. टीचरनं बोर्डावर लावलं."

मला राग आला. पहिला तिच्यावर आला आणि अर्धं मिनिटही टिकला नाही.

कारण मला एक आठवलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही बहिणी अर्ध्या वाटेवर, डेलावेअरमधल्या एका मॉलमध्ये भेटलो होतो. आई तेव्हा माझ्या घरी दुपारची झोपली होती. भाचीनं नूडल्स खाता खाता मला विचारलं होतं, "मावशी, डू यू मिस युअर मॉम?" मला वाटलं, सकाळपासून घराबाहेर आहे म्हणून विचारतेय. मी म्हटलं, "शी इज ऑलवेज इन माय किचन." तिनं काटा खाली ठेवला आणि माझ्या हातावर हात ठेवला. मुलगी किती समजूतदार आहे, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं.

हे मी फोनवर बहिणीला सांगितलं. ती हसली. मग आईही हसली, आणि आईचं हसणं तिकडे ऐकू गेलं तसं बहिणीचं थांबलं.

"तिनं बरोबर केलं," आई मला म्हणाली, फोनला नाही. "आता तिच्या मुलीला खरं सांगा म्हणावं."

"कोण सांगणार?" बहीण म्हणाली. "मी नाही. मी एकदा सांगितलंय. तुम्ही सांगा. आणि आधी सांगा, मग या. दारात सरप्राइज नको. शी विल फ्रीक आउट."

"काय सांगू?" मी विचारलं.

"ते तू बघ, ताई. कुणाला काय सांगायचं ते तुलाच चांगलं जमतं."

तिला ती फ्रिजमागची यादी माहीत होती. कधीपासून, कुणाकडून, मी विचारलं नाही.

४ ऑक्टोबर ठरला. सकाळी सातला निघायचं. गाडीचं ऑइल बदलून झालं. आईच्या गुडघ्याखाली घ्यायची उशी आणली. वाटेत थांबायच्या दोन जागा बघून ठेवल्या, दोन्हीकडे बाथरूमला पायऱ्या नाहीत. औषधांचा डबा भरला. भाचीसाठी स्वेटर घेतला, माप बहिणीला विचारून. आईनं बेसनाचे लाडू केले आणि दोन डब्यांत भरले, एक जावयाचा वेगळा. त्यावर तिनं त्याचं नाव लिहून चिकटवलं, आडनावासकट. काकूंनी फोन करून "जाऊन या, बरं वाटेल" म्हटलं. मी बरं म्हटलं.

राहिलं ते भाचीला सांगणं. मी लिहून काढायला बसले, इंग्रजीत, कारण ती इंग्रजीत ऐकते. पहिल्यांदा लिहिलं, थोडा गैरसमज झाला होता. खोडलं. गैरसमज कुणाचाच नव्हता, सगळ्यांना सगळं समजलं होतं. मग लिहिलं, आजी खूप लांब होती. तीही थाप. तीन वर्षं ती इथंच होती. मग लिहिलं, आजोबांना तुझे बाबा आवडले नाहीत. पण ते खूप आवडले होते, तासभर. ती अकरा वर्षांची आहे, हुशार आहे, ती विचारणार की तासानंतर काय झालं. आणि त्याचं उत्तर म्हणजे तिचं आडनाव, जे ती प्रत्येक वहीवर लिहिते.

आज बुधवार. ती पावणेचारला शाळेतून येते. सोमवारी मी त्या वेळी फोन केला. तिनं शाळेच्या व्हॉलीबॉल टीमबद्दल सांगितलं, मी ऐकलं, शाब्बास म्हटलं आणि ठेवला. काल केला तर म्हणाली, "मावशी, आर यू ओके? यू कॉल्ड यस्टरडे टू." मी म्हटलं, सहज. आता तीन चाळीस झालेत. कागदावर तिचं नाव, त्यापुढे स्वल्पविराम, आणि खाली अजून काही नाही.